कोनशिलेवर नसलेली नावे

कोणत्याही दवाखान्यात शिरताना दाराच्या एका बाजूला संगमरवरी पाटी असते. 'यांच्या शुभहस्ते', 'यांच्या अध्यक्षतेखाली', 'यांच्या प्रमुख उपस्थितीत' अशा ओळी तिच्यावर कोरलेल्या असतात. रुग्णाचे नातेवाईक ती पाटी वाचत नाहीत, कारण त्यांना घाई असते. डॉक्टर वाचत नाहीत, कारण ती रोजचीच असते. मी मात्र अलीकडे अशा पाट्या थांबून वाचतो. संगमनेरातल्या वाचल्या, नाशिक-पुणे रस्त्यावरच्या वाचल्या, कामानिमित्त नगरला गेलो तेव्हा तिथल्याही वाचल्या. मंत्री आहेत, चेअरमन आहेत, देणगीदार आहेत, देणगीदारांच्या आईवडिलांची स्मृती आहे; एके ठिकाणी बांधकाम ठेकेदाराचेही नाव सापडले. इमारत सुरू झाली त्या पहिल्या रात्री जिने तिथे पाळी केली त्या परिचारिकेचे नाव मात्र मला अजून एकाही पाटीवर आढळलेले नाही.

देणगीदारांना कमी लेखण्याचा यात हेतू नाही. पैशाशिवाय खाट येत नाही आणि खाटेशिवाय रुग्ण झोपत नाही. ज्याने दिले त्याचे नाव राहावे. शाहीर अनंत फंदींच्या गावात राहणाऱ्या माणसाने नाव कोरण्याला, नाव गाण्याला नाके मुरडू नयेत. माझी तक्रार इतकीच की आपली आठवण उद्घाटनाच्या दिवशीच संपते, आणि दवाखाना तर त्यानंतर चालू होतो.

हा पाट्या वाचण्याचा नाद कसा लागला ते सांगतो, म्हणजे आजचा विषय आपोआप ध्यानात येईल.

साधारण तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची वेळ, बाहेरचे बाक भरलेले. एक वयस्कर बाई मुलीचा हात धरून आत आली. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, अशी तक्रार. मी केसपेपर पुढे ओढला आणि सवयीने विचारले, "नाव काय, आजी?"

ती हसली. "नाव कशाला इचारता साहेब? मावशीच लिव्हा. तुम्ही मावशीच म्हणत होता."

मी चष्म्यावरून पाहिले. ओळख पटेना. शेवटी मुलीने सांगितले की ही अमुक रुग्णालयात प्रसूतिकक्षात आया होती; आता मुलीकडे, आपल्याच तालुक्यात राहते. ते रुग्णालय इथून बरेच लांबचे. वैद्यकीय शिक्षण संपल्यावर माझी पहिली नोकरी तिथे झाली होती. आणि मग एकदम सगळे आठवले. नाव सोडून.

मध्यरात्रीची चादर

त्या नोकरीत मला जेमतेम तीन महिने झाले होते. रात्री एकच्या सुमारास एक बाई बाळंत झाली. दुसरे बाळंतपण, सरळ प्रसूती, वार पूर्ण पडलेली. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, अंगावर ब्लँकेट नीट घातलेले पाहिले आणि मी शेजारच्या खोलीत पाठ टेकली. अर्ध्या तासाने दारावर थाप. आया उभी. म्हणाली, "डॉक्टर, तिच्या खालची चादर मी दोनदा बदलली. आता तिसरी पण भिजली."

मी उठलो तो थोडा चिडूनच. जाऊन पाहतो तर बाई पांढरीफटक, कपाळावर घाम, नाडी धावते आहे. पोटावर हात ठेवला. गर्भपिशवी आवळलेली असली तर हाताला चेंडूसारखी घट्ट लागते. ही कणकेच्या गोळ्यासारखी मऊ लागत होती. पोटावरून पिशवी चोळायला घेतली, पिशवी आवळणारे इंजेक्शन दिले, दोन्ही हातांच्या शिरांतून सलाईन लावले, नवऱ्याला आणि दिराला रक्तासाठी पाठवले. पहाटे चारच्या सुमारास रक्तस्राव आटोक्यात आला. सकाळी बाई चहा प्यायली.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी गरोदर लेक किंवा सून आहे त्यांनी हे जरा नीट समजून घ्यावे. नऊ महिने भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त वाहत असते. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात, आणि ती बंद करण्याचा निसर्गाचा उपाय एकच, पिशवीने आवळून घेणे. ती सैल पडली तर नळ उघडा राहिल्यासारखे होते. बाळंतपणानंतर अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गेले की ते धोक्याचे समजतात. आधीच अंगात रक्त कमी असेल तर त्याहून कमी रक्त गेले तरी बाई जाऊ शकते. आपल्या देशात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत रक्तस्राव हे प्रमुख कारण आहे. आणि यातली मेख अशी की नुसत्या नजरेने रक्ताचा अंदाज नेहमी कमीच येतो. रक्त कपड्यात मुरते, कमरेखाली साचते. वरून ब्लँकेट व्यवस्थित असते. ज्याने चादर बदलली त्यालाच खरा हिशेब ठाऊक असतो.

सकाळच्या फेरीत आमच्या वरिष्ठांनी पाठ थोपटली. माझी. मी ती थोपटून घेतली. केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिले होते, 'रक्तस्राव वेळीच लक्षात आला.' कोणाच्या लक्षात आला, ते लिहिले नव्हते. आपल्या भाषेत कर्ता न सांगता वाक्य पुरे करता येते, ही मोठी सोय आहे. दवाखान्यांच्या कागदपत्रांत आम्ही तिचा भरपूर वापर करतो.

त्या बाईंचे नाव मला तेव्हा तरी माहीत होते का? प्रामाणिकपणे सांगायचे तर नसावे. आपल्याकडच्या दवाखान्यांत आया म्हणजे मावशी, वॉर्डबॉय म्हणजे मामा, परिचारिका म्हणजे सिस्टर. ऐकायला किती घरगुती वाटते! पण मावशी म्हटले की नाव विचारावे लागत नाही. सख्ख्या मावशीचे नाव, गाव, पोरेबाळे, दुखणीखुपणी सगळे आपल्याला ठाऊक असते. या मावशीचे काहीच नसते. नाते देऊन आपण नाव काढून घेतले, असे मला आता वाटते.

विसरण्याची किंमत

कोणी म्हणेल, डॉक्टर आता उतारवयात हळवे झाले. कृतज्ञता हा चांगला गुण आहे, पण तो कीर्तनाचा विषय, आरोग्याच्या सदरात त्याचे काय काम? मला वाटते, त्याचे काम इथेच जास्त आहे.

त्या रात्री मी चिडून उठलो होतो. समजा मी उठलोच नसतो, किंवा "तुला काय कळते" म्हणून तिला परत पाठवले असते, तर काय झाले असते हे उघड आहे. पण दुसरी शक्यता जास्त वाईट आहे, कारण ती दिसत नाही. समजा ती मला उठवायला आली, बाई वाचली, आणि सकाळी कोणी तिच्याकडे पाहिलेही नाही (प्रत्यक्षात हेच झाले). पुढच्या वेळी मध्यरात्री दारावर थाप मारताना तिचा हात जरा अडखळला असेल का? दहा वेळा असे झाल्यावर? विसाव्या वेळी ती म्हणेल, 'जाऊ दे, डॉक्टरांनी पाहिले आहे, त्यांना कळते.' आणि तेव्हा चादर कोणी मोजणार नाही.

मोठ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला वॉर्डात काय चालले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी फारसे दिसत नाही. त्याला दिसते ते खालच्या माणसांच्या डोळ्यांनी. ती माणसे सांगायची थांबली की तो आंधळा होतो, आणि आपण आंधळे झालो आहोत हेही त्याला कळत नाही. म्हणून केलेल्या कामाची आठवण ठेवणे, ती नाव घेऊन बोलून दाखवणे, हा शिष्टाचाराच्या पलीकडचा मामला आहे. रुग्णाचा जीव त्यावर टांगलेला असतो.

जामखेडचे उदाहरण

याचे सर्वांत मोठे उदाहरण शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. आपण जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, जामखेड आग्नेय टोकाला. इथे प्रवरेचे पाणी आणि ऊस, तिथे दुष्काळ. त्या जामखेडात १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रजनीकांत आपल्याच जिल्ह्यातील राहुरीचे. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर, पुढे अमेरिकेत शिकून आलेले. मुंबई-पुण्यात सुखाने व्यवसाय करू शकले असते. जामखेडला येण्याआधी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काम केले होते आणि तिथे त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती. बरा करून घरी पाठवलेला रुग्ण तोच आजार घेऊन परत येतो, कारण आजार गावात असतो आणि डॉक्टर रुग्णालयात.

गावात आरोग्य न्यायचे तर कोणी न्यायचे? प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याचा प्रयोग फारसा साधला नाही. तेव्हा गावानेच आपली एक बाई निवडावी असे ठरले. निवडल्या गेलेल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, शिकत, एकत्र जेवत, गावाकडे परतत. गरोदर बाई तपासणे, बाळाचे वजन घेणे, जुलाबाच्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, क्षयाचा आणि कुष्ठरोगाचा रुग्ण ओळखणे, हे सारे त्या शिकल्या. १९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला.

१९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली रजनीकांतांना पद्मभूषण. हे सर्वांना माहीत आहे. मला आज सांगायचे आहे ते वेगळे. जामखेड पाहायला देशोदेशींचे डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी येऊ लागले तेव्हा आरोळे त्यांना या बायकांसमोर बसवत. शिकवणाऱ्या त्या, शिकणारे पाहुणे. एखाद्या तज्ज्ञाने गावच्या आरोग्याबद्दल प्रश्न विचारला तर उत्तर गावच्या आरोग्य सेविकेने द्यायचे. परदेशातल्या परिषदांचे निमंत्रण आले तर त्यांनाही बरोबर न्यायचे. वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या अशा एका परिषदेत जामखेडच्या मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात मोठमोठी झुंबरे लखलखत होती. त्यांनी झुंबरांकडे बोट दाखवून मोठ्या डॉक्टरांची तुलना त्यांच्याशी केली, सुंदर पण महाग, आणि गोरगरिबांच्या आवाक्याबाहेरची. स्वतःची तुलना त्यांनी पणतीशी केली. एका पणतीने दुसरी लावता येते, तिसरी लावता येते, झुंबराने झुंबर लावता येत नाही. सगळे सभागृह उठून उभे राहिले, असे सांगतात.

पुढे डिसेंबर २००८ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक या जगप्रसिद्ध मासिकाने जामखेडवर मोठा लेख छापला. त्यात ठळकपणे येते ती जवळके गावच्या सरूबाई साळवे यांची गावातली फेरी. मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. दोघांच्या मागे काम थांबले नाही, आणि थांबले नाही याचे एक कारण मला असे दिसते की ते काम सुरुवातीपासूनच दोन नावांवर उभे नव्हते. मुक्ताबाई, सरूबाई ही नावे आज माझ्यासारख्या दूरच्या माणसाला ठाऊक आहेत, कारण आरोळ्यांनी ती लोकांसमोर येऊ दिली. आपल्या व्यवसायात हे किती दुर्मीळ आहे ते व्यवसायातल्यांनाच कळेल. आमच्याकडे साधा सत्कार असला तरी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून रुसवेफुगवे होतात!

चुकीचीही आठवण

आठवण म्हटली की गोड गोष्टीच आठवाव्यात असे नाही. दवाखान्याने आपल्या हातून झालेल्या चुका आणि आपल्या छपराखाली झालेले मृत्यूही लक्षात ठेवावे लागतात. इथे एक गडबड होते. दोष कोणाचा हे ठरले की आपण विसरायला मोकळे होतो.

हाफकिन हे नाव मुंबईच्या संस्थेमुळे आपल्या परिचयाचे आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी ही लस टोचल्यावर १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांचे पद गेले. एकाच बाटलीतून लस घेतलेले लोक दगावले होते, आणि ती बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट मान्य होऊन त्यांच्यावरचा ठपका पुसायला १९०७ साल उजाडले. संस्थेला त्यांचे नाव मिळाले १९२५ साली. हाफकिन तेव्हा हयात होते, एवढेच समाधान. माझ्या मनात येते ते असे, की त्या पाच वर्षांत 'दोषी कोण' याची जितकी चर्चा झाली तितकी 'खाली पडलेल्या चिमट्याचे काय करायचे' याची झाली असती तर!

आपल्याही जिल्ह्याला असा एक दिवस आहे. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. नगरच्या जिल्हा रुग्णालयात करोना रुग्णांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चौकश्या झाल्या, निलंबने झाली, न्यायालयीन बाबी झाल्या. त्यांत शिरण्याचे हे ठिकाण नव्हे. मला एकच सुचवावेसे वाटते. दर वर्षी ६ नोव्हेंबरला जिल्ह्यातील प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, आपली आग विझवण्याची नळकांडी तपासावी, वायरिंग पाहावे, आणि रात्रपाळीच्या माणसांना रिकामी खाट ढकलत बाहेर काढून दाखवायला सांगावे. किती मिनिटे लागली ते भिंतीवर लिहावे. हार घालायला फोटो लागतो. याला फक्त अर्धा तास लागतो. गेलेल्या ११ जणांचे श्राद्ध याहून चांगले कसे घालायचे, मला माहीत नाही.

टाळ्या आणि त्यानंतर

करोनाचा विषय निघालाच आहे. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी गच्चीवर, ओट्यावर उभे राहून टाळ्या-थाळ्या वाजवल्या. ५ एप्रिलला दिवे लावले. ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली. त्या दिवसांत आपल्या वाड्या-वस्त्यांवर दारोदार फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या त्या आशा. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यापासून इथल्या मळ्यांपर्यंत, सुरुवातीला तर तोंडाला साधा रुमाल बांधून.

आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. तिच्या मुळाशी जामखेडसारख्या ठिकाणांचा अनुभव होता. हजार वस्तीमागे गावातलीच एक बाई, ही कल्पना आपल्याला आता ओळखीची वाटेल. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सुमारे दहा लाख आशांना 'ग्लोबल हेल्थ लीडर्स अवॉर्ड' दिला. सेवाभावाचा किंवा त्यागाचा म्हणून नव्हे. नावातच 'लीडर्स' आहे, म्हणजे पुढारी. जगाने ज्यांना पुढारी म्हटले त्या आपल्या कागदोपत्री 'स्वयंसेविका' राहिल्या. त्यांना पगार नसतो, कामागणिक मोबदला असतो. जून २०२१ मध्ये, दुसरी लाट नुकती ओसरत असताना, राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी पुन्हा करावा लागला. थाळी वाजवणारे आम्ही त्या वेळी घरातच होतो.

मी संघटनेचा माणूस नाही आणि मोबदला किती असावा हे सांगण्याचा अधिकारही मला नाही. पण ज्याच्या हाती एखादी संस्था आहे, मग ते प्राथमिक आरोग्य केंद्र असो, दहा खाटांचा दवाखाना असो की मोठे रुग्णालय, त्याला एक प्रश्न विचारतो. बारा मे रोजी परिचारिका दिनाला गुलाबाची फुले वाटलीत. छान केलेत. आता आपल्या दवाखान्यात जी बाई रोज कचरा उचलते, तिला हिपॅटायटीस बी म्हणजे ब प्रकारच्या काविळीची लस दिली आहे का?

हा प्रश्न मी वेगवेगळ्या ठिकाणी विचारून पाहिला आहे. बहुतेक ठिकाणी क्षणभर शांतता होते. ही कावीळ रक्तातून पसरते. अशा रुग्णासाठी वापरलेली सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर, रुग्णाच्या रक्तात विषाणू किती आहे त्यानुसार, शंभरातील सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. लस तीन डोसांची आहे. पहिला डोस आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. किंमत फार नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस आणि धनुर्वाताची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. डॉक्टर स्वतः ती घेतात, परिचारिका बहुधा घेतात, आणि सुया भरलेली पिशवी उचलणारी बाई राहून जाते. दिवाळीला तिला साडी मिळते.

आणि चुकून सुई टोचलीच तर, हे घरोघरी इन्शुलिन घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांनीही लक्षात ठेवावे, जखम दाबून रक्त काढत बसू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि लगेच डॉक्टरांना सांगावे. दुसऱ्या माणसासाठी वापरलेली सुई असेल तर एच.आय.व्ही.ची लागण टाळण्यासाठी गोळ्या द्यायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतात; त्या शक्य तो दोन तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग नसतो. सफाईच्या बाया हे सांगत नाहीत. का सांगत नाहीत, याचे उत्तर वर येऊन गेले आहे.

थोडे रुग्णांच्या बाजूनेही बोलतो. बाळ झाले की पेढ्यांचा पुडा डॉक्टरांच्या टेबलावर येतो. आयाच्या वाट्याला येते ती बक्षिशी, तीही तिने हात पुढे केल्यावर, आणि मग नातेवाईक बाहेर जाऊन म्हणतात, 'काय मेले मागत असतात!' मागणे वाईटच, ते बंद व्हायला हवे, आणि तिचा पगार पुरेसा असेल तर ते पुष्कळसे बंद होईलही. पण रात्रभर ज्या बाईने लेकीची पाठ चोळली तिचे नाव विचारायला काही पैसे पडत नाहीत.

वही

त्या मावशींच्या गुडघ्यांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. झीज होती. वजन थोडे कमी करायला आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करायला सांगितले, मांडी घालून बसणे बंद केले, आता बरे आहे. केसपेपरवर त्यांचे पूर्ण नाव मी लिहिले, वडिलांकडच्या आडनावासकट, कारण त्यांनी तसे सांगितले. त्या रात्रीची आठवण काढली तेव्हा त्या म्हणाल्या, "ती पोरगी वाचली होती ना? मग झालं." मी माफी मागायचा प्रयत्न केला, तो मला नीट जमला नाही.

महिन्याभराने मी मुलीला फोन करून विचारले, मावशी एक दिवस येतील का? आमच्याकडे नव्या मुली कामाला लागल्या होत्या, त्यांना थोडे शिकवायचे होते. मावशी रिक्षाने आल्या. खुर्चीवर बसायला तयार होईनात, मग गुडघ्यांचे कारण सांगून बसवले. मुलींना त्यांनी भाषण वगैरे दिले नाही. खाटेवर एका मुलीला झोपवले, अंगावर ब्लँकेट घातले आणि म्हणाल्या, "वरून काय दिसतं? काही नाही. आता हात घाला." मग प्रत्येकीला खाटेवरच्या मुलीच्या कमरेखाली हात सरकवायला लावला. "बाळंतीण झोपली असली तरी घालायचा. दर पंधरा मिनिटाला. हात ओला लागला की पोटावर ठेवायचा, पिशवी घट्ट आहे का बघायची, आन् डॉक्टरला उठवायचं. डॉक्टर चिडला तरी उठवायचं." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

त्यांच्याविषयी लिहितो आहे असे मी कळवले तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, "पेपरात नाव नको. तुमच्या वहीत आहे तेवढं पुरं." म्हणून इथे ते दिलेले नाही. आमच्या प्रसूतिकक्षातल्या वहीच्या पहिल्या पानावर एका मुलीने त्या दिवशी ते स्वतःहून लिहून ठेवले आहे. नावापुढे लिहिले आहे, 'यांनी सांगितले : चादरीखाली हात घालून पाहणे, दर १५ मिनिटांनी.' खाली त्या रात्री बाळंत झालेल्या दोघींच्या नोंदी आहेत, वेळ टाकून, आणि प्रत्येक वेळेपुढे हात घालणारीची सही.